हेलकावा

३ फेब्रुवारी

आत्या,

बातमी आधी सांगते, म्हणजे तू शेवटच्या ओळीवर उडी मारायला नकोस. मला पाचवा महिना लागलाय. आधीच कळवायला हवं होतं, पण मागच्या वेळी तिसऱ्याच महिन्यात सगळं संपलं, म्हणून या वेळी तोंडाला कुलूप लावून बसले होते. फोन केला असता, पण तुमच्या बेटाचा एकुलता एक फोन बंदरावरच्या कचेरीत. तू ‘हॅलो’ म्हणायच्या आत अर्ध्या बेटाला माझा महिना कळला असता.

डॉक्टरीणबाईंनी एक फॉर्म भरायला दिला. मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये दिवसभर असलेच कागद फायलींना लावते, पण स्वतःचा भरताना पेन अडलं. आईकडचं झरझर लिहिलं. आजीला मधुमेह, आजोबांना दमा. मग बाबांची बाजू. आजोबा कशाने गेले? लिहिलं, समुद्रात. पणजोबा? समुद्रात. वडिलांचे काका? समुद्रात. बाई हसल्या. म्हणाल्या, तुमच्याकडे अंथरुणात कोणी मरतच नाही का? मीही हसले. घरी आल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना. किती वयाचे होते गं हे सगळे? काही दुखणं होतं का त्यांना? बाबांना विचारलं तर ते उठून गॅलरीत गेले.

आता दुसरी बातमी. बाबा तुझ्याकडे यायचं म्हणताहेत. एकतीस वर्षांत ज्यांनी बेटाचं नाव काढलं नाही, ते म्हणतात, ताईचं छप्पर गळतंय, बघून येतो. सलून रंगकामासाठी बंद ठेवलंय म्हणे, पण रंगारी काही अजून फिरकला नाही. खरं सांगू? आई गेल्यापासून ते पार बदललेत. मागच्या महिन्यात एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला, तर माफी मागायची सोडून त्याच्यावरच ओरडले आणि कंगवा फेकला. ज्यांनी मला कधी ‘गप्प बस’ म्हटलं नाही, ते. कप हातात घेतला की बशी वाजत राहते. खुर्चीत बसले की पाय ठेका धरतो, गाणं चालू नसलं तरी. एकटेपणा, दुसरं काय. तुझ्याकडे महिनाभर राहिले की ताळ्यावर येतील.

तुझी
मुंगी


११ फेब्रुवारी

मुंगे,

तुझं पत्र वाचता वाचता दूध उतू गेलं आणि मी ते खुशाल जाऊ दिलं. जड उचलू नकोस. रेकॉर्ड रूममध्ये वरच्या फळीवरची फाइल दुसऱ्या कोणाला तरी काढू दे.

फॉर्मचं काय घेऊन बसलीस? इथे चारी बाजूंनी पाणी आहे. माणसं समुद्रात नाही जाणार तर काय झाडावरून पडून जाणार? धड एक झाड नाही इथे. वयं मला आठवत नाहीत. म्हातारे होते असं लिही. रकाना भरला की डॉक्टर खूश.

तुझ्या बापाला मात्र येऊ देऊ नकोस. छप्पर गळत नाही, गळलं तर माझं मी बघेन. घरात जागाही नाही, मागची खोली जुन्या जाळ्यांनी भरलीय. काहीही कारण काढ, पण थांबव त्याला.

आणि एक विचारते. सदऱ्याची बटणं त्याची त्याला लावता येतात का? नीट बघ. झोपेत हात शांत असतात की झोपेतही हलतात? त्याला न विचारता बघ आणि मला कळव. हे पत्र कोणाला दाखवू नकोस.

तुझी आत्या


२० फेब्रुवारी

आत्या,

पत्र मी टेबलावर विसरले आणि ते बाबांच्या हाती लागलं. वाचून ते आधी हसले. मग बाथरूममध्ये नळ सोडून कितीतरी वेळ बसले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते.

सख्ख्या भावाला घरात जागा नाही असं लिहिताना तुला काहीच वाटलं नाही? लहानपणी तू पाठवलेली शुभेच्छापत्रं मी अजून जपून ठेवलीत. ती लिहिणारी आणि ही, एकच बाई आहे यावर विश्वास बसत नाही.

असो. ते थांबले नाहीत. कालच्या गुरुवारच्या बोटीने निघाले. हे पत्र पुढच्या गुरुवारी मिळेल, तोवर ते तुझ्या ओट्यावर असतील. जायच्या आधी त्यांनी जरा विचित्रच केलं. सलूनच्या तिन्ही खुर्च्या समोरच्या न्हाव्याला देऊन टाकल्या, ज्याच्याशी दहा वर्षं बोलणं नव्हतं. आईच्या बांगड्या माझ्या हातात ठेवल्या. माझ्या नवऱ्याला अर्धा तास उभं करून कुठला नळ कधी गळतो ते समजावलं. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला तर तो थरथरत होता. म्हणाले, आशीर्वाद जरा ढिला झालाय, चालवून घे.

बटणं मीच लावून दिली. सांधे धरलेत म्हणत होते. झोपेत हात अगदी शांत असतात. पण तू हे का विचारलंस?

मुंगी


४ मार्च

मुंगे,

रागावलीस ते बरोबरच आहे. जिभेला हाड नसतं तसं माझ्या पेनालाही नाही.

तो सुखरूप पोचला. मी कोणाला कळवलं नव्हतं, तरी धक्क्यावर सगळं बेट उभं होतं. चाळीस घरांतलं कोणी ना कोणी. सगळ्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. किती दिवस राहणार, असं एकानेही विचारलं नाही. तुझ्या बापाला फार मान आहे इथे, तू काळजी करू नकोस.

छप्पर त्याने एकदाही वर मान करून पाहिलं नाही. दिवसभर होडीवाल्या सुताराच्या पडवीत असतो. तिथे एक छोटी होडी बांधायला घेतलीय, एका माणसापुरती. हौस, दुसरं काय. प्रत्येक घरातून काहीतरी येतं. कोणी फळी देतं, कोणी खिळे, कोणी दोरखंड. सुतार मजुरीचं नाव काढत नाही. संध्याकाळी बेटाचे थोरले, म्हणजे इथले प्रमुख, येऊन त्याच्याशेजारी बसतात. जाताना थोरले आकाशाकडे बघतात आणि म्हणतात, अजून वारा फिरायला वेळ आहे.

तो चांगलं जेवतो. मी त्याला चमचा देते, हाताने घास सांडतो.

तू येऊ नकोस हं. या दिवसांत बोटीचे धक्के नकोत.

तुझी आत्या


१० मार्च

आत्या,

तुझं पत्र येण्याआधी मी एक गोष्ट करून बसले होते. तू बटणांचं विचारलंस ते मला झोपू देत नव्हतं. बेटावरची माणसं आजारी पडली की आमच्याच हॉस्पिटलला येतात. जेवणाच्या सुट्टीत मी जुनी रजिस्टरं काढली आणि गावाच्या रकान्यावरून बोट फिरवत गेले. बावीस वर्षांपूर्वीची एक फाइल निघाली. बाई, वय एक्केचाळीस. आडनाव आपलं. नाव मोठ्या आत्याचं, जी लहानपणी तापाने गेली असं तुम्ही सगळ्यांनी मला सांगितलंत.

डॉक्टरांनी लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवते. ‘हातपाय व चेहऱ्याची आपोआप हालचाल, दीड वर्षापासून. झोपेत थांबते. चिडचिड, विसर. वडील, आजोबा व काका यांनाही हेच झाल्याचं रुग्ण सांगते. सोबतची बहीण नाकारते.’ खाली, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत, असं लिहून सही. ती सही मी ओळखते. दर वाढदिवसाला माझ्या शुभेच्छापत्रावर तीच असायची.

फाइल घेऊन मी मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. भला माणूस आहे, दार लावून घेतलं आणि खुर्ची दिली. म्हणाले, हा आजार रक्तातून उतरतो. आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. छापा की काटा. बरा होत नाही, पण औषधांनी, व्यायामाने, नीट काळजी घेतली तर माणूस पुष्कळ वर्षं घरच्यांत राहतो. मी विचारलं, माझ्या वडिलांना असला तर मला? निम्मी. आणि मला असला तर माझ्या बाळाला? त्यांनी फाइल मिटून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, पुन्हा निम्मी. रक्त तपासून कळतं, पण घाई करू नका.

ती होडी कसली आहे, आत्या? एका माणसाची होडी चाळीस घरं मिळून का बांधताहेत? या वेळी खरं लिही. कोंबडं झाकून उजाडायचं थांबत नाही.

मुंगी


१८ मार्च

मुंगे,

सही माझीच.

तुझी मोठी आत्या त्या फायलीनंतर नऊ वर्षं जगली. मागच्या खोलीत. जाळ्यांनी भरलीय असं मी लिहिलं तीच ती खोली. खिडकीला आतून फळ्या ठोकल्या होत्या, कारण रस्त्यावरून ती दिसता कामा नये. मीच भरवलं, मीच धुतलं. शेवटी शेवटी तिला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, पण मी आत गेले की हसायची. हे मी पहिल्यांदाच कागदावर उतरवतेय.

आम्ही त्याला हेलकावा म्हणतो. तेही दार लावून. पाच पिढ्यांमागे आपल्या एका पूर्वजाला तो आला. डोकं फिरलेलं असताना त्याने स्वतःच्या मुलाच्या पायावर वल्हं हाणलं आणि पोर जन्माचं लंगडं झालं. भानावर आल्यावर तो एकटाच होडी घेऊन गेला, तो परत आला नाही. बेटाने त्याला मोठा माणूस ठरवलं. तेव्हापासून ज्या पुरुषाचे हात हलायला लागतात त्याच्यासाठी होडी बांधतात. मार्चअखेर वारा फिरतो आणि बेटाकडून बाहेर वाहू लागतो, तेव्हा घरटी एक माणूस हात लावून ती पाण्यात लोटतो. वल्हं देतात, शीड देतात, परत यायला काही देत नाहीत. आम्ही म्हणतो, अमका निघाला. मेला म्हणत नाही. बाहेर सांगायचं, समुद्रात गेला. ते खोटं नाही, म्हणून जिभेला सोपं जातं. बायकांना होडी नसते. त्यांना मागची खोली.

हे सगळं कशासाठी, तर पोरींची लग्नं व्हावीत. बाहेर कळलं तर इथली मुलगी कोण करेल आणि इथे मुलगी कोण देईल? झाकली मूठ. काका निघाला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. थोरल्यांनी तेव्हाच माझ्याकडून शपथ घेतली.

आमच्या वडिलांच्या होडीला तुझ्या बापाने हात लावला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. वडील पार लांब जाईपर्यंत मागे वळून बघत होते. त्याच आठवड्यात त्याने बेट सोडलं. तुझी आई दुसऱ्या मुलासाठी भांडायची ना? तो का ऐकत नव्हता ते आता तुला कळलं असेल.

माझे हात ठीक आहेत. अठ्ठावन्न संपलं. तिघा भावंडांत माझाच छापा पडला. त्याचा आनंद कधी झाला नाही.

होडी पुरी झालीय. आठ-दहा दिवसांत वारा फिरेल. शिदोरी बहिणीने बांधायची असते. काल मी त्याला म्हटलं, तू शहरात शिकलास-सवरलास, तिथेच का नाही राहिलास? तो म्हणाला, ‘ताई, मोठीला तू हॉस्पिटलात आणलीस तेव्हा मी पाहिलंय. मुंगीने मला तसं बघायला नको.’

मी काय करू ते सांग. चाळीस वर्षांत हा प्रश्न मी कोणालाच विचारलेला नाही.

आत्या


२२ मार्च

आत्या,

मी येणार होते. बॅग भरून दाराशी ठेवली होती. काल रक्त गेलं आणि आता मी पलंगावर, पायाखाली दोन उशा. बाळ ठीक आहे, पण उठायचं नाही अशी सक्त ताकीद आहे. नवऱ्याला पाठवणार होते, तर बोटीच्या कचेरीतून सांगितलं, महिनाअखेरपर्यंत बेटाबाहेरच्या कोणालाही तिकीट नाही. कारण सांगितलं नाही. बंदरावर फोन लावून त्याने बाबांना बोलवायला सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, ते कामात आहेत. नंतर फोन कोणी उचललाच नाही. पोलीस म्हणतात, माणूस आपणहून बहिणीकडे गेलाय, आम्ही काय लिहून घेऊ?

म्हणजे तिथे फक्त तू आहेस. खालचं बाबांसाठी आहे. त्यांनी वाचलं नाही तर तू वाचून दाखव. जिथे ऐकतील तिथे वाच. एकही ओळ गाळू नकोस.

बाबा, मला सगळं कळलंय. मला काहीतरी बघावं लागू नये म्हणून तुम्ही चाललात. पण मला बघायचंय. हे माझ्या रक्तातही असण्याची शक्यता निम्मी आहे. पुढे माझे हात हलायला लागले तर मी कोणाकडे बघून शिकू? तुम्ही त्या होडीत बसलात तर मला एवढंच कळेल की याला दुसरी वाट नाही. मग माझ्यासाठीही एक होडी सांगून ठेवा. आणि बाळासाठी एक लहान. तसं नको असेल तर परत या. तुमचा चहा सांडेल. तुम्ही ओरडाल. भरवावं लागेल, तर भरवू. मी चिडेन, कंटाळेन, दार आपटेन. पण तुम्ही पलीकडच्या खोलीत असाल आणि त्या खोलीची खिडकी उघडी असेल.

मुंगी


१ एप्रिल

मुंगे,

हे पत्र पोस्टाच्या पेटीत टाकलेलं नाही. पेटीची किल्ली थोरल्यांच्या जावयाकडे असते. महिन्यातून एकदा नर्सबाई येतात, इथलीच लेक म्हणून त्यांना तिकीट मिळतं; त्यांच्या पिशवीत गोळ्यांच्या खोक्याखाली हे ठेवलंय. त्या उद्याच्या बोटीने परततील.

तुझा बाप जिवंत आहे. आता बस आणि सगळं वाच.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. त्याच्या हातात दिलं तर म्हणाला, नंतर वाचतो, आणि उशीखाली सारलं. शुक्रवारी वारा फिरला. शनिवारी सकाळी भरतीला सगळे किनाऱ्यावर जमले. होडी ओंडक्यांवर ठेवली होती, तो आत बसला होता, दोन्ही बाजूंना माणसं. अशा वेळी कोणी बोलायचं नसतं. माझ्या एका हातात शिदोरी होती आणि दुसऱ्या हातात तुझं पत्र. ते मी पहाटे त्याच्या उशीखालून काढलं होतं.

शिदोरी वाळूत ठेवली आणि वाचायला लागले. मला मोठ्याने वाचायची सवय नाही, दोनदा ओळ चुकली. थोरले म्हणाले, ‘पुरे. शपथ आठव.’ मी म्हटलं, ‘आठवते. सतराव्या वर्षी घेतलीत माझ्याकडून, तेव्हा मला विचारलं नव्हतंत.’ आणि पुढे वाचत राहिले. बाळासाठी एक लहान, या ओळीवर आले तेव्हा होडीवाल्या सुताराने होडीवरचा हात काढून घेतला. मग त्याच्या शेजारच्याने. किती हात उरले ते मी पाहिलं नाही, पण होडी जागची हलली नाही.

तुला वाटेल, तो उतरून माझ्या गळ्यात पडला. तसं झालं नाही. ‘भर किनाऱ्यावर माझी लाज काढलीस’ असं म्हणाला, आणखीही बोलला, ते लिहीत नाही. मग स्वतःच वल्हं टेकून होडी ढकलायला गेला. हातात वल्हं राहीना. निसटलं, पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं, आणि तो तोल जाऊन गुडघाभर पाण्यात पडला. त्याचे हात, मान, तोंड, सगळं हलत होतं आणि सगळं बेट बघत होतं. हेलकावा अशा लख्ख उजेडात आजवर कोणी पाहिलेला नव्हता. पाच पिढ्या आम्ही एक तर होडी पाहिली होती नाहीतर बंद खिडकी. सुताराने त्याला उचललं आणि लहान मुलासारखं घरी आणलं.

चार दिवस तो माझ्याशी बोललेला नाही. पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसतो. मी भरवते तेव्हा तोंड मात्र उघडतो. दुकानदार मला काही देत नाही, नुसता माझ्या डोक्यावरून पलीकडे बघतो. परवा दारात माशांची घाण टाकलेली होती. बोटवाल्याने निरोप पाठवलाय की आम्हा दोघांना तिकीट नाही, उद्याही नाही, पुढेही नाही. होडी अजून ओंडक्यांवरच आहे. थोरल्यांनी ती हलवू दिलेली नाही.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. सोमवारी दुपारी, पुरुष जाळ्यांवर गेलेले असताना, मागचं दार वाजलं. सुताराची बायको होती. आत आली, बसली नाही. हळूच म्हणाली, त्या दिवशी वाचलंत त्यात निम्मी शक्यता म्हणाली ना तुमची पोर, ते पुन्हा सांगा. सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या डाव्या हाताची बोटं वर्षभर हलताहेत. तिने तोंडावर पदर घेतला आणि गेली. अर्ध्या तासाने दुसरी आली. मग दोघी बहिणी एकदम आल्या. कोणाचा दीर, कोणाची आई, कोणाचा पंधरा वर्षांचा मुलगा. मला जन्मभर वाटत होतं, हेलकावा आपल्या घरात आहे आणि फार तर आणखी दोन घरांत. होड्या तेवढ्याच घरांतून निघाल्या, बाकीच्यांनी पुरुषही खोलीतच झाकले. प्रत्येकीला तसंच वाटत होतं. पाच पिढ्या आपसांतही लग्नं लावली, दुसरं काय होणार. आज दुपारपर्यंत चौदा घरं झाली, मुंगे. चाळिसातली चौदा, आणि अजून काही जणी रस्त्यापर्यंत येऊन परत फिरताहेत. किती बंद खोल्या आहेत या बेटावर ते मी मोजायला धजत नाही.

पुढच्या गुरुवारी आम्ही धक्क्यावर जाणार आहोत. तुझ्या बापाला मी खुर्चीत बसवून नेईन, तो शिव्या देत असला तरी. चौदा जणी बरोबर येते म्हणाल्यात. त्यांतल्या किती जणी खरंच येतील, आणि आल्यावर बोट सुटेल का, देव जाणे. थोरल्यांनी आज संध्याकाळी सगळ्या पुरुषांना बोलावलंय. तुझ्या नवऱ्याला पलीकडच्या धक्क्यावर उभं राहायला सांग. बोट आली आणि आम्ही तिच्यात नसलो, तर त्याने पोलिसांना चौदा घरांचं सांगावं, आता माझी हरकत नाही.

हे लिहीत असतानाच शेवटची आली. थोरल्यांची सून. बावीस वर्षांची आहे, दोन महिन्यांचं तान्हं कडेवर. तिचा नवरा आताशा कप धरत नाही, पेला मागतो, असं म्हणाली. मला वाटलं, सासऱ्यांनी पाठवलंय. पण ती दारातच उभी राहिली आणि तिने एकच विचारलं, एवढ्या लहान पोराचं रक्त कुठून काढतात, हातातून की टाचेतून? मी म्हटलं, मुंगीला विचारून सांगते. तुझ्या डॉक्टरांना विचारून लिही.

आत्या